राज्य खेळलेल्या मुलांना विद्यापीठाच्या बेसबॉलसाठी तयार करताना

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकांचा आहे. त्यांच्याकडे सोळा मुलं आहेत आणि त्यातली पाच शालेय राज्यस्तरावर बेसबॉल खेळून आलेली. ‘बेसिक आम्हाला येतं’ असं ती म्हणतात, पण विद्यापीठाच्या निवडीत गेल्या दोन वर्षांत एकही टिकला नाही. ‘आता या मुलांना नवीन काय शिकवू?’ असं सरांनी विचारलंय. मी नाशकात बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या मुलांना बेसबॉल शिकवतोय, त्या अनुभवातून सांगतो.

सर, नवीन काही शिकवण्याआधी एक वही घ्या आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच रोज वापरायची सवय लावा. राज्य खेळलेल्या मुलाला फेकता येतं, मारता येतं, पळताही येतं. पण स्वतःबद्दल त्याला सगळं अंदाजे माहीत असतं. ‘आज बॉल चांगले पडत होते.’ ‘हात जरा जड आहे.’ किती फेकले, दहातले किती स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून) गेले, पहिल्या बेसला किती सेकंदांत पोचलास, असं विचारलं की तो शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो. शाळेच्या सामन्यांत हे खपतं, कारण समोरचा संघही अंदाजावरच खेळत असतो. कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून नाशिक विभागाचा संघ निघतो, त्याची आंतरविभागीयला पुणे शहर, पुणे जिल्हा आणि अहिल्यानगरशी गाठ पडते, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ आणि त्यापुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. दर टप्प्यावर थोड्या दिवसांत लागोपाठ सामने असतात. अंदाजावर चालणारा मुलगा पहिल्या सामन्यात चमकतो आणि तिसऱ्या सामन्यात गळतो. तुमच्या मुलांचं बहुतेक हेच होतंय.

सुरुवात पिचरपासून, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्यापासून करतो. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं, आणि एक नुकसान माझ्या हातून झालंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या संघात एक उजव्या हाताचा पिचर होता. उंच, लांब बोटांचा, बॉल हातातून सुटताना नुसता आवाज ऐकूनही ओळखू यायचा. एका स्पर्धेत सकाळी त्याने पूर्ण सामना टाकला. दुपारी दुसरा सामना अडचणीत आला तेव्हा मी त्याला विचारलं, ‘टाकशील का?’ अठरा वर्षांचा मुलगा कोचला नाही म्हणत नाही. त्याने आणखी चार इनिंग टाकल्या आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी आंघोळीची बादली उचलताना त्याने ती अर्ध्यात खाली ठेवली आणि डाव्या हाताने उचलली. ते मी पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूला बोट लावलं तरी तो कळवळत होता. डॉक्टरांनी काही महिने फेकणं बंद ठेवायला सांगितलं. तो पुढेही खेळला, पण पिचर म्हणून नाही. त्या दिवशी त्याने किती बॉल टाकले हे मला आजही सांगता येत नाही, कारण मी मोजलेच नव्हते.

म्हणून वहीचं पहिलं पान पिचरचं. मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली बेसबॉल संघटना) यांनी मिळून २०१४ मध्ये वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या, त्या मी जशाच्या तशा पाळतो. १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ पेक्षा जास्त पिच (पिचरने बॅटरला टाकलेले बॉल) टाकू नयेत, १९ ते २२ वयात १२०. महत्त्वाचा भाग विश्रांतीचा आहे. ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकता येतं. ३१ ते ४५ झाले तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन. ८० च्या वर गेले तर चार दिवस, आणि १९ च्या पुढच्या मुलाने १०५ ओलांडले तर पाच. हे आकडे ग्राउंडवरच्या फळ्यावर लिहून ठेवा. पिच करून उतरलेल्या मुलाला लगेच कॅचर म्हणून बॅटरच्या मागे बसवू नका, कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकत असतो.

आता या हिशेबाने तुमचं गणित बघा. चार दिवसांत तीन सामने आणि तुमच्याकडे खरा पिचर एकच. जमणारच नाही. सोळापैकी किमान पाच जणांना माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं राहून स्ट्राइक टाकता आला पाहिजे. वेग नसला तरी चालेल. माझ्या मते कॉलेजच्या संघाची खोली चौथ्या पिचरवरून कळते.

दमलेल्या हाताने टाकत राहणं किती महागात पडतं, यावर अमेरिकेत किशोरवयीन पिचरवर अभ्यास झाला आहे. हात दमलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्या मुलांमध्ये शस्त्रक्रियेपर्यंत जाणारी दुखापत होण्याची शक्यता ३६ पट आढळली. कोपराच्या आतल्या बाजूला जो अस्थिबंध असतो, तो तुटला की दुसरीकडचा कंडरा काढून तिथे बसवावा लागतो. ही शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. त्या अस्थिबंधावरचा ताण कमी करण्याचं काम हाताच्या पंज्याखालचे, कोपरापर्यंतचे स्नायू करतात. ते दमले की सगळा भार अस्थिबंधावर येतो.

हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही निफाडचे. तुमच्या मुलांच्या घरी द्राक्षबागा असणार. ऑक्टोबरची छाटणी आणि आपले सामने बऱ्याचदा एकाच सुमारास येतात. दिवसभर छाटणीची कात्री दाबलेला हात संध्याकाळी माउंडवर आला, तर वहीत त्याच्या नावापुढे शून्य पिच असले तरी तो हात दमलेलाच असतो. पिंपळगावकडच्या माझ्या एका पिचरचा वेग दर ऑक्टोबरात पडायचा आणि मी त्याच्या तंत्रात चूक शोधत बसायचो. एक दिवस हस्तांदोलन करताना त्याच्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, कात्रीचा ताजा फोड लागला. तेव्हा उलगडा झाला. आता मी सरळ विचारतो, ‘आज बागेत किती तास?’ तेही वहीत लिहितो. घरच्यांना मदत करू नको, असं आपण कधीच म्हणू नये. छाटणीच्या आठवड्यात त्याला फक्त हलकी फेकाफेक द्या, बॅटिंग आणि बेस रनिंग करू द्या. वडिलांना एकदा भेटून सांगितलं तर ते कात्री धाकट्याच्या हातात देतात आणि याला क्रेट उचलायला लावतात, असा माझा अनुभव आहे. वेलावर जास्त भार टाकला की तो बसतो हे शेतकरी माणसाला समजवावं लागत नाही, मुलाच्या हाताचंही तसंच आहे हे एकदा सांगावं लागतं.

वर्षाची आखणी आपल्या हवामानाला धरून करा. पाऊस जोरात असतो तेव्हा ग्राउंड मिळत नाही, तर तो काळ ताकदीला द्या. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुल-अप, मेडिसिन बॉल भिंतीवर आडवा फेकणं. पिचचा वेग पायांतून आणि कमरेतून येतो, खांदा तो फक्त पुढे पोचवतो. खांद्यासाठी रबर बँडचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, हलक्या ताणाचेच. फेकणं सामन्यांच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. पहिले दोन आठवडे १५ ते २५ मीटर, मग हळूहळू ४० मीटरच्या पुढे, आणि नंतरच माउंड. वर्षातून दोन-तीन महिने सलग खांद्यावरून फेकणं पूर्ण बंद ठेवा. आपल्याकडे परीक्षा आणि उन्हाळा आहेच, तोच काळ धरा. त्या सुट्टीत मुलं क्रिकेटच्या टेनिस बॉल टूर्नामेंटला जाऊन सीमेवरून थ्रो मारत बसतात, तेवढं बघा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो. अशा सकाळी बॉल हातात देण्याआधी किमान वीस मिनिटं घाम येईपर्यंत पळवा. हात गरम करण्यासाठी फेकायचं नाही, गरम झालेल्या हाताने फेकायचं. दोन इनिंगच्या मधल्या वेळात स्वेटर अंगावर पाहिजे.

माउंडबद्दल विचारलं नाहीत, पण मला वाटतं तुमची मुलं निवडीत पडण्याचं ते एक मोठं कारण असेल. सपाट जमिनीवर वर्षभर टाकलेला मुलगा दहा इंच उंचीवरून टाकायला लागला की त्याचा पुढचा पाय अपेक्षेपेक्षा उशिरा टेकतो, आणि बॉल वर राहतो. तो घाबरला असं निवडणाऱ्यांना वाटतं, पण त्याच्या पायाखालचा उतारच नवा असतो. ग्राउंडच्या कोपऱ्यात स्वतःचा माउंड बांधा. १८ फूट व्यासाचं वर्तुळ, उंची १० इंच, वर २४ बाय ६ इंचांची रबरपट्टी. पट्टीच्या पुढच्या कडेपासून प्लेटच्या (बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो त्या होमच्या पट्टीच्या) मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच. पट्टीच्या पुढे सहा इंच सपाट सोडून तिथून दर फुटाला एक इंच उतार. निफाडची काळी माती वापरू नका, ओली झाली की बुटाला गोळे लागतात आणि वाळली की भेगा पडतात. खाली मुरूम धुमसून बसवा, वर चाळलेली लाल चिकणमाती, रोज थोडं पाणी, आणि रात्री ताडपत्री. मुलांकडूनच बांधून घ्या, मग ती त्यावर सायकल घालत नाहीत.

नियंत्रणासाठी महागडं काही लागत नाही. प्लेटच्या वर दोन बांबू रोवून सुतळीने चौकट बांधा, रुंदी १७ इंच, खालची सुतळी बॅटरच्या गुडघ्याखाली आणि वरची छातीच्या जरा खाली. वीस पिच टाकायचे, सुतळीच्या आतून किती गेले ते लिहायचं. पहिल्या दिवशी सात-आठ जातील. एका महिन्यात बारा-तेरा झाले की तो मुलगा कुठल्याही कॉलेजविरुद्ध उभा राहील. वेगवेगळे पिच शिकवायची घाई करू नका. फोर-सीम फास्टबॉल (सरळ वेगवान) आणि चेंजअप (फसवा हळू), हे दोनच. चेंजअपमध्ये हाताचा वेग तोच ठेवायचा, बॉल फक्त तळव्यात खोल धरायचा, म्हणजे तो १३ ते १६ किलोमीटरने हळू जातो. कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, टाकायची हौस सगळ्यांना असते. ज्याला सुतळीत बारा घालता येतात त्यालाच मी कर्व्ह दाखवतो.

नवा पिचर शोधत असाल तर कॉलेजच्या भालाफेकवाल्यांकडे जा. २००८ मध्ये भारतात झालेल्या एका अमेरिकन पिचिंग स्पर्धेतून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे मूळचे भालाफेकपटू. आधी कधीही बेसबॉल न खेळलेल्या या मुलांना त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. क्रिकेटचा वेगवान गोलंदाज कोपर सरळ ठेवून टाकतो, ती सवय मोडायला वर्ष जातं. भालेवाल्याची कंबर खांद्याच्या आधी फिरते, ते त्याला शिकवावं लागत नाही.

बॅटिंगमध्ये क्रिकेट आपल्याला एक गोष्ट आयती देतं आणि एक अडथळा करतं. आयती मिळते ती बंट. बॉल मऊ हाताने खाली मारून ठेवणं आपल्या मुलांच्या अंगात असतं, थोडं वळण दिलं की उत्तम बंट येतो. अडथळा बॅटच्या वाटेचा. टप्पा पडून वर येणाऱ्या बॉलची डोळ्यांना सवय झालेली असते. इथे बॉल उंचावरून खाली येतो आणि टप्पा पडत नाही. त्यामुळे बॅट त्याच्या वाटेवर किंचित वर जाणारी हवी. आमची मुलं वरून खाली तोडतात आणि सगळे ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे बॉल) शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरला, देतात. टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) बॉल ठेवून सराव करा, पण जुनी शटलकॉकही गोळा करा. शहरातल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये पोतंभर फुकट मिळतात. पाच-सहा मीटरवरून जोरात फेकलेलं शटल मधूनच मंद होतं, त्यामुळे मुलगा हात आधी सोडत नाही, कमरेची वाट बघतो.

ताशी १२० किलोमीटरचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर येतो. त्यात बघायचं, ठरवायचं आणि फिरवायचं. म्हणून ठरवण्याचा बराचसा भाग पिच सुटण्याआधी व्हायला हवा, आणि तो काउंटवरून होतो, म्हणजे त्या बॅटरला किती ‘बॉल’ (चौकटीबाहेरचे पिच) आणि किती स्ट्राइक झाल्या यावरून. दोन बॉल, शून्य स्ट्राइक असेल तर फक्त आपल्या आवडत्या जागेचा बॉल मारायचा. दोन स्ट्राइक झाल्या की बॅट इंचभर वर धरायची आणि जवळचं काहीही सोडायचं नाही. आमच्या सरावात एकही बॅटर काउंटशिवाय उभा राहत नाही. मी आकडा सांगतो, ‘एक-दोन’, आणि मगच पिच येतो. हे कंटाळवाणं वाटतं, तरी महिनाभर सोडू नका.

आता कॅचर. शालेय आणि विद्यापीठ पातळीतला फरक मला सगळ्यात स्पष्ट दुसऱ्या बेसच्या चोरीत दिसतो, म्हणजे पिच टाकला जात असतानाच पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्याकडे पळतो तेव्हा. यासाठी स्टॉपवॉच काढा. पिचरची पहिली हालचाल ते बॉल कॅचरच्या मिटमध्ये (जाड ग्लोव्हमध्ये), हा एक वेळ. चांगला पिचर हे १.३ सेकंदांत करतो. मिटमध्ये बॉल वाजल्यापासून तो दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत, हा दुसरा वेळ. चांगल्या कॅचरचा तो दोन सेकंदांच्या आसपास असतो. बेरीज ३.३. वेगवान रनरला लीड घेऊन (आधीच बेसपासून थोडं पुढे उभं राहून) दुसरा बेस गाठायला साधारण ३.४ ते ३.५ लागतात. म्हणजे आउट. आपल्या मुलांचा हिशेब सुरुवातीला १.६ आणि २.४ निघतो, बेरीज चार. यात कोणीही चालत जाऊन चोरी करेल, आणि शिव्या मात्र कॅचरला बसतात.

गंमत अशी की कॅचरचा खांदा फारसा सुधारत नाही, वेळ पायांत आणि हातबदलात वाचतो. बॉल मिटमध्ये येतानाच उजवा पाय पुढे सरकला पाहिजे, आणि बॉल कानाजवळ नेताना बोटांनी शिवण शोधली पाहिजे. हे बॉल न फेकता रोज पन्नासदा करता येतं, हाताला काही त्रास नाही. पिचरने रनर बेसवर असताना पाय कमी उचलायचा. दोघांनी मिळून ०.३ वाचवले तरी मोठा फरक पडतो. तेवढ्यात पळणारा मुलगा दोन मीटरहून जास्त अंतर कापतो, आणि सेफ-आउटचा फरक बऱ्याचदा वीतभराचा असतो. हीच वेळ उलट बाजूनेही वापरा. समोरच्या संघाच्या वॉर्मअपमध्ये त्यांच्या पिचर-कॅचरचे सेकंद गुपचूप लिहून घ्या. बेरीज ३.७ च्या वर असेल तर तुमच्या तीन वेगवान मुलांना पहिल्या इनिंगपासून चोरीची मोकळीक द्या.

फिल्डिंगवर फार लिहीत नाही, ते तुम्ही करूनच घेत असाल. फक्त कटऑफ मुखपाठ करून घ्या. आउटफिल्डमधून थेट होमवर थ्रो मारायची क्रिकेटची हौस आवरा, मधल्या माणसाच्या छातीवर बॉल द्या. आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवर रनर असताना कोण काय करणार, हे नऊच्या नऊ जणांना झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

तुमच्याकडे मुलींचा संघ उभा करायचा विचार असेल तर सॉफ्टबॉल खेळलेल्या मुली घ्या, ग्लोव्हचं काम त्यांचं पक्कं असतं. बेसचं अंतर ६० वरून ९० फुटांवर जातं आणि पिच खांद्यावरून टाकायचा असतो, एवढ्या बदलाला एक हंगाम द्या.

एका पालकांनी तुम्हाला अमेरिकेतल्या कॉलेजबद्दल विचारल्याचंही तुम्ही लिहिलंय. तिथे आधी अभ्यास बघतात. एनसीएए या तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या दोन विभागांत खेळायला शाळेतले १६ मुख्य विषय आणि त्यातले गुण तपासले जातात, तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. वरच्या पातळीवर ताशी १४० किलोमीटरच्या पुढचे पिच रोजचे आहेत. मुलाला स्वप्न बघू द्या, पण दहावी-बारावीचे गुण आणि रडार गनवरचा आकडा, दोन्ही पालकांसमोर ठेवा.

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नका, नुसतं मोजा. सुतळीतले वीस पिच, होम ते पहिला बेस, कॅचरचा वेळ, प्रत्येकाच्या नावापुढे तारीख घालून. आणि वही मुलांच्या हातात द्या, स्वतःचे आकडे त्यांनीच लिहायचे.

गेल्या हंगामात निवड चाचणीला एका निवडकर्त्यांनी माझ्या मुलाला माउंडवर बोलावलं. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, ‘सर, काल सामन्यात माझे ६४ झालेत, मला तीन दिवस पिच करायचं नाही. आज पहिल्या बेसला उभा राहतो, आणि शुक्रवारी बोलवा.’ मी कुंपणाबाहेर होतो, माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. शुक्रवारी त्यांनी त्याला बोलावलं.